लीलाबाईंचा जोडफोटो

सन २००९, मार्चमधला एक रविवार. आमच्या माळ्यावरच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं दाटीवाटीनं उभे होतो. मी, आमचे हे, आणि कराडहून आलेली स्वरूपा निकम. तिथला लाल दिवा लावून कित्येक वर्षं झाली होती, तेव्हा तो पेटतो की नाही इथपासूनच शंका होती. पेटला. ह्यांनी लहान मुलासारखी टाळी वाजवली.

"काका, कागद नुसता पांढराच आहे," स्वरूपा म्हणाली. ती ट्रेवर इतकी वाकली होती की तिची वेणी औषधात पडायच्या बेतात होती.

"आधी वेणी मागे टाक," मी म्हणाले. "आणि ट्रे हलवत राहा. एका कडेनं, हळू. पाळणा हलवतात तसा."

"पण काहीच येत नाहीये."

"येईल गं. तो कागद तुझ्याहून वयानं मोठा आहे," हे म्हणाले. "मोठ्या माणसाला जिना चढायला वेळ लागतो."

मग आलं. आधी बाईचे केस आले, पुरुषाचा काळा कोट आला, खुर्चीची पाठ आली. मग भुवया. सगळ्यात शेवटी गाल आणि कपाळ, जणू आतून कुणी फुंकर घालत होतं. खुर्चीत बसलेला तरणाबांड पुरुष, शेजारी उभी असलेली त्याची बायको, मागे कमानीचा पडदा. स्वरूपानं तोंडावर हात धरला आणि ती रडायला लागली.

"मावशी," ती म्हणाली. "काकू, मावशी आली बघा."

माझेही डोळे भरून आले. ह्यांनी मात्र चिमट्यानं फोटो उचलून दुसऱ्या ट्रेत टाकला आणि म्हणाले, "रडायचं ते बाहेर जाऊन रडा. इथं पाण्याचं प्रमाण बिघडेल."

त्या दिवसाइतकी खूश मी त्यानंतर कधी झाले नाही, म्हणून तो आधी सांगितला.

सांगलीच्या गावभागात आमचा शेटे फोटो स्टुडिओ होता, माझ्या सासऱ्यांनी काढलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा चित्रं बरी काढायची, तेवढ्या भांडवलावर त्यांनी मला रिटचिंगला बसवलं. उतरत्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, आरशानं खालून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे देवीचे व्रण भरायचे, डोळ्यांखालच्या रेघा भरायच्या. निगेटिव्हवर सगळा उलटा कारभार, काळं भरलं की फोटोत उजळ दिसतं. निम्मा जन्म मी असा उलट्या माणसांकडे बघण्यात घालवला. पुढे रंगीत फोटो आले, मग डिजिटल आले, आणि २००५ च्या पुरात स्टुडिओत छातीइतकं पाणी शिरलं. माळ्यावर होतं तेवढं वाचलं. आम्ही दुकानाला कुलूप घातलं.

पण पाणी ओसरल्यावर लोक दारात यायला लागले, हातात भिजून लगदा झालेले आल्बम. "वहिनी, आईचा एवढा एकच फोटो होता हो." हात जोडून नाही म्हणायचं तरी किती जणांना? पुण्याहून आमच्या संजीवनं कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणून दिला, आणि साठीच्या घरात मी माऊस धरायला शिकले. पेन्सिल गेली, पण डोळा तोच होता. पुढे संजीवनंच ऑर्कुटवर मला एक कम्युनिटी काढून दिली, 'जुना फोटो, नवा जीव' नावाची. गावोगावची हौशी मुलंमुली तिथं जमली. कुणी डीटीपीवाले, कुणी झेरॉक्सचं दुकान चालवणारे, कुणी नुसतेच आजोबांचा फाटका फोटो घेऊन आलेले. सगळी मला शेटेकाकू म्हणायची. दुपारी जेवणं झाली की मी कॉम्प्युटरसमोर बसायची आणि हे आतून ओरडायचे, "भरली का शाळा? हजेरी घेतली का?"

त्या शाळेत एक रीत होती, मीच घातलेली. कुणी आपलं काम दाखवायला ठेवलं की 'छान', 'मस्त' म्हणायचं नाही. प्रत्येकानं आधी चूक सांगायची. सासऱ्यांनी मला असंच शिकवलं होतं, त्यांच्या तोंडून कौतुक असं कधी ऐकलं नाही. सगळ्या चुका निघून गेल्या की ते एवढंच म्हणत, "आता आल्बमात लावा." कम्युनिटीतही शेवटी तेवढंच मी लिहायची. पोरं त्या तीन शब्दांसाठी महिना महिना एका फोटोवर बसायची.

स्वरूपा त्यातलीच. कराडला एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला होती. तिला वडील नव्हते, आईपण लहानपणीच गेलेली, मावशीनं वाढवलेलं. पहिला फोटो तिनं टाकला तेव्हा तिच्या आजीचा गाल भिंतीसारखा सपाट केला होता. यवतमाळचे डंभारे सर, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, त्यांनी लिहिलं, "ताई, आजीले गिलावा केला का तुमी?" दुसरी एखादी पळून गेली असती. ही दुसऱ्या रविवारी एसटीनं थेट सांगलीला आली. "काकू, गाल शिकवा," म्हणाली.

मी गाल शिकवला. मग ओठ, मग कानाच्या पाळ्या. डोळे शिकवायला वर्ष लावलं, कारण डोळ्यात उजेडाचा ठिपका कुठं ठेवायचा हे चुकलं की माणूस मेल्यासारखा दिसतो. ती दर रविवारी यायची, आमच्याकडेच जेवायची, ह्यांच्याशी पत्त्यांत हरून दाखवायची. कम्युनिटीच्या सेटिंगमधलं मला काही कळत नसे म्हणून मी मालकीही तिच्याच नावावर करून दिली होती. "आता तूच हेडमास्तर," असं म्हणून हे तिला चिडवायचे.

त्या वर्षीच्या जानेवारीत तिनं दोन फोटो ठेवले. एक तिच्या लीलामावशीचा, मुलगी असतानाचा. दुसरा साखर कारखान्यातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत एक देखणा माणूस, त्याभोवती गोल केलेला. तिनं लिहिलं होतं, 'हे माझ्या मावशीचे यजमान. मागच्या वर्षी वारले. दोघांचा लग्नानंतरचा एकच जोडफोटो होता, १९७३ चा, तो पुरात काचेला चिकटून गेला. मावशी रोज विचारते. मला तो परत करायचाय, होता तसा.'

पुरात गेलेला जोडफोटो. सांगली-कराडच्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. सगळी शाळा कामाला लागली.

डंभारे सरांनी सुरुवात केली. "साहेबाच्या नाकाची सावली उजवीकडं अन् बाईच्या नाकाची डावीकडं. दोन दोन सूर्य उगवते का जी तुमच्या कराडात?"

स्वरूपानं सावली फिरवली. मग दुबईहून एकीनं सांगितलं, दोघांच्या फोटोचे दाणे वेगळे आहेत, एक रवा आणि एक मैदा. तेही झालं. मी लिहिलं, त्या काळी आपल्याकडे पुरुष खुर्चीत बसायचा आणि बाई बाजूला उभी राहायची, हात खुर्चीच्या पाठीवर. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला तर सासरचे तो फोटो भिंतीला लावत नसत.

"पण काकू, मावशीच्या फोटोत हात नाहीच," स्वरूपानं फोनवर विचारलं. "छातीपर्यंतच आहे."

"मग तुझा हात लाव. मावशी-भाचीचा हात एकच असतो."

ती आली. ह्यांनी आमच्याच खुर्चीवर तिचा हात ठेवून फोटो काढला. नव्या नवरीचा हात ओका कसा दिसेल, म्हणून मी माझ्या हातातले तोडे काढून तिच्या हातात चढवले. माझ्या आईनं दिलेले, टोकाला मोराची तोंडं असलेले. लहानपणी आईच्या मांडीवर बसून मी त्यातल्या एका मोराची चोच दातानं चावून चपटी केली होती, ती तशीच आहे.

"शोभतात गं तुला," मी म्हणाले.

"मग द्या की," ती हसत म्हणाली.

"लग्न ठरव, देते."

मार्चपर्यंत चुका संपल्या. डंभारे सरांनी लिहिलं, "मी हरलो. शोधून शोधून डोळे गेले." मी लिहिलं, "आता आल्बमात लावा." पण स्वरूपाला कॉम्प्युटरची प्रत नको होती. मावशीच्या हाताला तो त्या काळचाच लागला पाहिजे, असा तिचा हट्ट. ह्यांच्या अंगात उत्साह संचारला. माळ्यावर जुन्या फोटोपेपरचा एक डबा वाचला होता, तो थोडा धुरकट झाला होता, पण तेच उलट बरं पडलं. ह्यांनी आपल्या जुन्या कॅमेऱ्यानं फोटोचा फोटो काढला, निगेटिव्ह धुतली, आणि त्या रविवारी आम्ही छापला. वाळल्यावर मी नागमोडी पात्याच्या कटरनं कडा कापल्या, जशा तेव्हा कापत असू.

निघताना स्वरूपानं विचारलं, "काका, निगेटिव्हपण द्याल? मावशीला सगळंच देईन म्हणते."

स्टुडिओची निगेटिव्ह आम्ही कधी बाहेर दिली नव्हती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "द्या हो. आपलं दुकान तरी कुठं आहे आता?"

दिवाळी झाल्यावर एका सकाळी दारात एक बाई आली. साठीच्या आतबाहेरची, डोक्यावर पदर, पायात रबरी चपला, हातात पिशवी. म्हणाली, "शेट्यांचा फोटोचा कारखाना ह्योच का? कराडातल्या फोटोवाल्यानं धाडलंय. म्हनला, जुन्या फोटूचं पारखायचं आसंल तर सांगलीला शेट्यांच्यात जावा, त्यांच्यावाचून कुनाला कळायचं न्हाई."

हे खूश झाले. "या, बसा. कुमुद, चहा टाक."

तिचं नाव मालन इंगवले. तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा फोटो काढला. वकिलांनी मूळ फोटोवरून मोठा करून घेतला होता. हे चष्मा शोधत होते. मी फोटो हातात घेतला.

कमानीचा पडदा. खुर्ची. कोट.

"अगं, हा तर आपला..." हे मागून म्हणायला लागले. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"हे कोण?" मी विचारलं. 

"ह्ये आमचं मालक. शामराव. कारखान्यात हुते. गेल्या सालीच गेलं." मालनबाईंनी फोटोतल्या पुरुषावर बोट ठेवलं, मग ते बोट बाईकडे सरकवलं, पण टेकवलं नाही. "ही कोन, ती म्या कदी बगितली न्हवती. लीला म्हनं तिचं नाव. ती कोर्टात गेलीया. म्हनती, त्र्याहत्तर साली माजं लगीन झालं ह्यांच्यासंगं, ह्यो फोटू बगा. माजं लगीन शहात्तरचं. म्हंजी मी दुसरी. वकील म्हनला, पैली जित्ती आसताना केलेली दुसरी म्हंजी बायकूच न्हवं, कायद्यात बसत न्हाई."

चहा तिनं उचललाच नाही.

"घर जाईल तर जाऊ दे, बाई. पोरगं कमवतंय. पन मी मग कोन हुते? गाव आत्ताच इचारायला लागलंय. सून तोंडावर बोलत न्हाई, पन आतल्या खोलीत म्हनती, सासूबाई ठेवलेली हुती म्हनं. त्यांच्या आईचं हागणंमुतणं म्या काडलं, शेवटाला तोंडात पानी म्या घातलं. आन् फोटू तिचा. माजा फोटू न्हाई काडला कदी. म्हनायचे, काय करायचाय फोटू, रोज दिसतीस की."

"तुम्हाला काय विचारायचंय?" हे हळूच म्हणाले.

"येवडंच. ह्यो खरा का?"

फोटो माझ्या दोन्ही हातांत होता, आणि मालनबाई फोटोकडे बघत नव्हती. ती माझ्या मनगटाकडे बघत होती. मग फोटोकडे. मग परत मनगटाकडे.

"बाई," ती म्हणाली, "हिच्या हातात तुमचं तोडं कसं?"

आम्ही सगळ्यांनी मिळून सावल्या बघितल्या होत्या, दाणे बघितले होते, पदराच्या निऱ्या बघितल्या होत्या. चेहऱ्यावर काम करणाऱ्या माणसाचं हाताकडे लक्ष जात नाही. मोठ्या केलेल्या फोटोत मोराची चपटी चोच ठसठशीत दिसत होती.

मी तिला सांगितलं, सगळं. ऐकून ती रागावली नाही, तेच मला जड गेलं. फोटो परत वर्तमानपत्रात गुंडाळताना ती एवढंच म्हणाली, "म्हंजी तुमीच केलासा व्हय. लई चांगला केलाय."

ती गेल्याबरोबर मी कॉम्प्युटर लावला. जानेवारीतला तो विषय, दोनशेच्या वर उत्तरं असलेला, कम्युनिटीत नव्हता. आधीचे होते, नंतरचे होते. तो तेवढाच नव्हता. मी दोनदा तीनदा खालीवर करून पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकले, आणि तेव्हा मला ती निगेटिव्ह आठवली. मावशीला द्यायला म्हणून निगेटिव्ह कोण मागतं? मावशी काय ती खिडकीत धरून बघणार होती?

रविवारी स्वरूपा नेहमीसारखी आली. पिशवीत ह्यांच्यासाठी वेलची केळी. माझं तोंड बघून ती दारातच थांबली.

"इंगवले बाई आली होती," मी म्हणाले.

तिनं पिशवी खाली ठेवली. नाही म्हणाली नाही, आव आणला नाही. खाली बसली.

"पुरात फोटो गेला म्हणालीस."

"फोटो नव्हताच, काकू. पण लग्न होतं. देवळात माळ घातली त्यांनी मावशीला. दोघंच होती. नंतर घरच्यांनी दुसरीकडे जमवलं, आणि ते गेले, उभे राहिले बोहल्यावर. मावशीकडे मात्र महिन्याला यायचे, मरेपर्यंत. मी लहान असताना मला गोळ्या आणायचे. मी त्यांना काका म्हणायची."

"मग हे कोर्टाला सांगायचं."

"सांगितलं. कोर्ट म्हणतं पुरावा. भटजी नाही, पत्रिका नाही, फोटो नाही. ज्याच्याकडे फोटो नाही त्याचं लग्न नाही का?"

"म्हणून तू माझ्याकडे आलीस."

"शिकायला आले होते," ती म्हणाली. "आधी शिकायलाच आले होते. देवाशप्पथ."

हे पत्ते पिसत बसले होते, उगाच. म्हणाले, "स्वरूपा, तू आम्हाला खरं सांगितलं असतंस..."

"तर केला असतात?"

ह्यांनी पत्ते खाली ठेवले.

"आणि काकू, तुम्ही काय करत होता एवढी वर्षं?" ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, तो मऊच होता. "दाखवायच्या मुलींचे फोटो यायचे. देवीचे व्रण पुसायचात, तिरळा डोळा सरळ करायचात. तुम्हीच सांगितलंय हसत हसत, की नवरदेव लग्नात बघून चक्रावायचे. ते चालतं. माझ्या मावशीला एक फोटो दिला तर मी खोटारडी."

"त्या मुली स्वतःचाच फोटो देत होत्या, स्वरूपा. दुसरीच्या नवऱ्याशेजारी मी त्यांना बसवलं नाही."

"नवरा कुणाचा, तोच तर प्रश्न आहे."

मला त्या वादाचं दुःख नव्हतं. तिनं माझं कौशल्य नेलं, ते मी देतच होते, येईल त्याला. पण त्या लाल दिव्याखाली ती रडली होती आणि मी तिच्याबरोबर रडले होते. ती तेव्हा नेमकी कशासाठी रडली, ते मला कळेना.

"तुम्ही काहीच करू नका," ती म्हणाली. "एवढंच मागते. कोर्टात बोलावलं तर म्हणा, जुना वाटतो. तोड्यांचं विचारलं तर म्हणा, असले तोडे घरोघरी असतात. तुम्ही गप्प बसलात तर मावशी म्हातारपणी एकदा तरी कुणाची बायको होईल."

"आणि मालनबाई?"

"त्यांना बत्तीस वर्षं मिळाली की."

मी उठले. पिशवी उचलून तिच्या हातात दिली. "केळी घेऊन जा," म्हणाले. ती गेली. जिन्यात तिची चप्पल अडखळलेली ऐकू आली. मी बाहेर जाऊन बघितलं नाही.

त्याच दुपारी मी कम्युनिटीत सगळं लिहिलं, कुणाला दोष न देता. लिहिलं, आपण मिळून केलेला फोटो कोर्टात गेलाय, एका बाईच्या संसारावर उठलाय, ज्यांना तो आठवतो त्यांनी तसं मला लिहून द्यावं. चहा करून परत येते तो लिहिलेलं गायब. पुन्हा लिहायला गेले तर पडद्यावर आलं की मी या कम्युनिटीची सदस्य नाही. माझी शाळा, आणि मीच फाटकाबाहेर.

मी डंभारे सरांना फोन लावला. इतकी वर्षं लिहिण्यातून ओळख, आवाज पहिल्यांदाच ऐकत होते.

"सर, त्या दोन सूर्यांचं तुम्हीच लिहिलं होतं ना?"

"काकू," ते म्हणाले. "आपल्याला नाई आठवत बुवा."

"सर, तुम्ही लिहिलं होतं, शोधून शोधून डोळे गेले."

"मुलीचं लग्न आहे जी फेब्रुवारीत. कोर्टाची भानगड नको वाटते. तुमीबी सोडून द्या. आपण काय, शिकवणारे लोक. शिकणारानं काय केलं, ते आपल्याला काय करायचं?"

आणखी तिघांना फोन केले. दुबईवालीनं उचलला नाही. बाकीच्या दोघांनाही आठवलं नाही. एकाची चूक शोधायला चाळीस जण वेळेवर हजर असायचे. तेवढं मात्र मी त्यांना शिकवलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी मालनबाईंच्या बाजूनं साक्ष द्यायला कराडच्या कोर्टात गेले, तोडे घालून. समोरच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्याकडे फोटोग्राफीची पदवी आहे?" मी नाही म्हणाले. "मग तुम्ही केला म्हणता हा फोटो, त्याची निगेटिव्ह?" ती नाही म्हणाले. "त्या चर्चेचा काही कागद?" नाही. "म्हणजे काहीच नाही. दोन तोडे आहेत." लोक हसले. माझ्यासाठी म्हणून कुणी आलंच नव्हतं. हे सोडून.

लीलाबाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अंगानं वाळलेली बाई, धुवट साडी, हात स्वरूपासारखेच लांबट. स्वरूपा मागच्या बाकावर बसली होती. मालनबाईंच्या वकिलांनी फोटो लीलाबाईंच्या पुढे धरला आणि विचारलं, "फोटोत तुमच्या हातात तोडे आहेत. ते कुठं गेले? मोडले? कुणी दिले होते?"

बाकी सगळं तिला पढवलं असणार. पडदा कुठला, दिवस कुठला. तोड्यांचं तिलाही विचारतील, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं फोटो हातात मागितला आणि खूप वेळ बघितला. स्वरूपा अर्धवट उठून उभी राहिली.

"माझ्याकडं सोन्याचं कधी काही नव्हतं," लीलाबाई म्हणाल्या. "त्यांनी दिलं नाही कधी."

आणि फोटो परत न देता त्यांनी तो पदराखाली धरला. शिपायाला तो काढून घ्यावा लागला.

लीलाबाईंचा दावा तिथंच कोसळला. पुढे कागदोपत्री काय व्हायचं ते झालं.

मालन इंगवले कराडला आपल्या घरात राहिल्या. निकालानंतर मी एकदा भेटायला गेले, त्यांनी चहा दिला, नातवंडं दाखवली, पण परत या म्हणाल्या नाहीत. मला ते समजलं. लीलाबाई २०१३ साली गेल्या. आमचे हे त्याच्या आदल्याच वर्षी गेले, शेवटच्या आजारात ते एकदा म्हणाले होते, "ती पोर पत्त्यांत मुद्दाम हरायची गं, माहीत होतं मला." डंभारे सर दर दिवाळीला शुभेच्छा पाठवत, मीही त्यांना पाठवत असे, त्या फोनचा विषय दोघांनीही काढला नाही. २०१४ मध्ये ऑर्कुटच बंद झालं आणि आमची ती शाळा, चुकांसकट, गेली. स्वरूपा लग्न करून पुण्याला गेली. आता तिचं स्वतःचं चॅनेल आहे, हजारो मुलं तिच्याकडून शिकतात. आपण सगळं स्वतःच्या स्वतः शिकलो, असं ती पहिल्याच व्हिडिओत सांगते.

मी आता ऐंशीच्या जवळ आले. फोनवर फोटो बघते, नातीला थोडं शिकवते. गेल्या वर्षी लातूरच्या एका मुलीनं कुठूनतरी माझा नंबर मिळवला. लिहिलं होतं, 'आजी, माझ्या आईबाबांचा एकत्र फोटो नाही. बाबा मी पोटात असताना गेले. दोघांचे वेगवेगळे फोटो आहेत. कसे जोडायचे, शिकवाल का?' खाली दोन्ही फोटो होते. आईच्या डोळ्यात उजेड डावीकडून होता, बाबांच्या समोरून. जमण्यासारखं काम होतं.

मी लिहिलं, 'आधी त्यांची लग्नपत्रिका पाठव.'

बराच वेळ ती काहीतरी लिहीत होती असं पडद्यावर दिसत होतं. मग थांबली. त्यानंतर तिचा निरोप आला नाही.

ती खरं बोलत होती, असं मला वाटतं.